उजव्या हातावरचं नाव

पुंजाराम आपल्या सदऱ्याची उजवी बाही कधी वर करीत नसत. भर उन्हात कापूस वेचताना, लग्नाच्या पंगतीत जेवताना, हौदावर तोंड धुतानासुद्धा त्या बाहीचं बटण मनगटापाशी लावलेलं असायचं. डावी बाही मात्र कोपराच्या वर गुंडाळलेली. गावात ही त्यांची खोड म्हणून सगळ्यांनी मान्य केली होती. घनसावंगीपासून जीपने थोडं आत गेलं की त्यांचं गाव लागतं. गाव लहान असल्यामुळे माणसाला एखादी खोड असली तर तिची चर्चा दोन-चार वर्षं होते आणि मग थांबते.

बाहीच्या आत काय आहे ते जुन्या माणसांना ठाऊक होतं. कोपराखाली हिरवट निळ्या अक्षरांत 'बद्रीनाथ' असं गोंदलेलं होतं आणि त्याखाली एका जुवाला जुंपलेल्या दोन बैलांची मुंडकी होती. बैल काढणाऱ्याला फारसे जमले नव्हते. एक बैल शेळीसारखा दिसायचा.

हे प्रकरण पुन्हा वर आलं ते पुंजारामांच्या नातीच्या, आकांक्षाच्या सोयरिकीमुळे. साखरपुडा झाल्यावर एका रविवारी तिचा होणारा नवरा हरिओम घरी आला. मुलगा जालन्यात एमआयडीसीत कामाला, बोलायला मोकळा. ओसरीत बाजेवर बसून त्याने चहाचा कप घेतला तेव्हा त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला काळी नक्षी दिसली. पुंजारामांची बायको तुळजाबाई समोरच बसली होती. तिची नजर अजून पक्की होती.

"हे काय हो जावईबापू? शाई सांडली का?"

हरिओम लाजला. उत्तर आकांक्षाने दारातून दिलं. "टॅटू हाय आजी. नाव हाय माझं."

"तुझं नाव? त्याच्या हातावर?"

"मग कुणाचं असावं?"

"अन लग्न व्हायच्या आधी?"

"आधीच काढून घेतात आजी," हरिओम म्हणाला, "लग्नानंतर कोण काढतंय?"

सगळे हसले. तुळजाबाईही हसली, पण हसताना तिने आपला उजवा हात पदराखालून काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. हरिओम गेल्यावर, भाकरी थापता थापता, तिने विषय काढला.

"बघितलं का?"

"काय?"

"पोरानं बायकोचं नाव गोंदलंय. बायको अजून घरात आली न्हाई, तरी."

"आजकालची पोरं," पुंजाराम म्हणाले.

"माझ्या हातावर तुमचं नाव हाय. मी सून होऊन आले त्याच साली तुमच्या आईनं गोंदणारीण बोलावली. मला तर नाव घेता येत नव्हतं. सासूबाईंनीच सांगितलं, पुंजाराम काढ म्हणून. मी हात पुढं केला. आन तुमच्या हातावर कोण? तो बद्री."

"तेव्हा आपलं लग्न झालं नव्हतं."

"आता झालंय ना? का अजून विचार करून राह्यले?"

पुंजारामांनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. तुळजाबाईने दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि पाठ वळवूनच म्हणाली, "माझं नाव काढून घ्या. पोरीच्या लग्नात चार बायांनी बघितलं पाहिजे."

तिने उभ्या आयुष्यात नवऱ्याजवळ फार काही मागितलं नव्हतं. जे मागितलं ते घरासाठी. म्हणून पुंजारामांना लगेच नाही म्हणता येईना. डाव्या हातावर काढून घेतो, असं त्यांनी सुचवलं.

"डाव्या? सकाळी परसाकडं डबा घेऊन जाता त्या हातावर माझं नाव?"

"मंग दंडावर काढतो."

"सदऱ्याच्या आत. म्हणजे मलाच दिसायचं. मला वाचता येत न्हाई."

असं करता करता उजव्या हाताचा कोपराखालचा भाग तेवढा शिल्लक राहिला आणि तिथे बद्रीनाथ बसलेला होता.

तुळजाबाईच्या अंगावर गोंदण पुष्कळ होतं. हनुवटीवर एक ठिपका, कपाळावर आडवी रेघ, हातावर तुळस आणि सीतेची न्हाणी, बोटांच्या पेरांवर बारीक ठिपके. तिच्या लहानपणी सुगी संपली की गोंदणारणी पाटी घेऊन गावात यायच्या. दोऱ्याने बांधलेल्या सुया, करवंटीत कालवलेली काजळी, वरून हळद. आया त्यांना सुपातून जुनी ज्वारी आणि एखादं जुनं लुगडं द्यायच्या. बिनगोंदलेल्या सुनेच्या हातचं पाणी सासू पीत नाही, असं तेव्हा सांगत. दागिने लेकी-सुना काढून घेतात, गोंदण तेवढं वर जाताना सोबत येतं, असंही सांगत. पोरी सुई टोचताना रडायच्या आणि दुसऱ्या दिवशी सुजलेला हात सगळ्यांना दाखवत हिंडायच्या. नाव मात्र बाईच्याच हातावर असायचं, नवऱ्याचं किंवा भावाचं. बायकोचं नाव हातावर घेतलेला गडी त्या काळी कुणी पाहिला नव्हता.

पुढे तुळजाबाईची लेक नंदाबाई शाळेत जायला लागली तेव्हा गोंदणारीण दारात येताच ती माळवदावर पळाली होती. शाळेत पोरी हसतात म्हणाली. सून तर कोऱ्या हातानेच आली. गोंदण म्हणजे अडाणीपण, असं ठरून गेलं होतं. गोंदणारणी यायच्या थांबल्या. आणि आता तिसऱ्या पिढीत आकांक्षाने स्वतःच्या मनगटावर पाच ठिपके काढून आणले होते. आजीच्या बोटावरचे होते तसेच. फक्त ते तिने मोबाइलमध्ये कुणाच्या तरी फोटोत पाहिले होते. घरातल्या घरात, आजीच्या हातावर, तिने ते आधी कधी नीट पाहिलेच नव्हते.

पुरुषांची रीत वेगळी. जांब समर्थच्या जत्रेत तेव्हा बॅटरीवरचं मशीन नवीन आलेलं. लग्न न झालेल्या पोरांमध्ये मैतराचं नाव गोंदून घ्यायची टूम निघाली होती. बहुतेक जण मात्र स्वतःचंच नाव काढून घ्यायचे, कारण मग पैसे फुकट गेले असं वाटायचं नाही. पुंजाराम आणि बद्रीनाथ यांनी एकमेकांची नावं घेतली, त्याला कारण होतं. दोघांकडे थोडी थोडी जमीन आणि एकेकच बैल. एका बैलाने औत चालत नाही. म्हणून त्यांची सावड होती. पुंजारामचा हौशा उजवीकडे, बद्रीनाथचा चांद्या डावीकडे; आज याच्या रानात, उद्या त्याच्या. ही सावड बारा वर्षं चालली. दोघांची लग्नं झाली, लेकरं झाली, बैलही म्हातारे व्हायला लागले, तरी कुणाच्या रानात आधी औत जायचं यावरून त्यांच्यात एकदाही शब्द झाला नाही. आणि मग एका वर्षी मृग तोंडावर असताना बद्रीनाथने चांद्या विकला. ऊसवाहतुकीच्या एका गाडीवाल्याला दिला आणि पुंजारामला कळलं ते दुसऱ्यांकडून.

तो तसाच बद्रीनाथच्या दारात गेला होता. "मला विचारायचं होतंस," एवढंच म्हणाला.

"बैल माझा होता," बद्रीनाथ म्हणाला.

"बैल तुझा. जोडी दोघांची होती."

त्या वर्षी हौशाला दुसऱ्याच्या बैलाबरोबर जुंपलं तर तो डावीकडे अंग टाकायचा, नांगराचं तास वाकडं जायचं. पेरा मागे पडला. पुंजारामने बद्रीनाथशी बोलणं सोडलं आणि उजव्या बाहीचं बटण लावलं. पुढच्या सालात बद्रीनाथ बायको-मुलांना घेऊन सासरवाडीला, भोकरदनकडे हसनाबादला राहायला गेला. सासऱ्याला मुलगा नव्हता. त्यानंतर दोघांची गाठ पडली नाही.

तर आता हे नाव काढायचं होतं, आणि पुंजारामांना वाटलं, बरंच झालं. तीसेक वर्षं आपण हे उगीच सांभाळलं.

आकांक्षा त्यांना जालन्याला घेऊन गेली. दुकान एका मोबाइलच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने वर. आत न्हाव्याकडे असते तशी खुर्ची, वर मोठा दिवा, भिंतीवर वाघ, त्रिशूळ, पिसं आणि गुलाबांचे फोटो. दुकानाचा मालक राजानंद नावाचा तरुण होता. कॉलेजच्या दोन मुली त्याच्यापुढे बसल्या होत्या. त्यातल्या एकीला हनुवटीवर ठिपका हवा होता.

"सध्या ह्याचंच चाललंय बाबा," त्या गेल्यावर राजानंद पुंजारामांना म्हणाला. "नऊवारी नेसायची, हनुवटीला ठिपका, अन फोटो. माझ्या आजीला सांगितलं तर ती म्हणली, आम्ही पुसायला बघत होतो, ह्या पोरी पैसे देऊन काढून राह्यल्या."

"तुझ्या आजीला हाय का गोंदण?"

"दोन्ही हातांवर. एका हातावर मारुती हाय. छप्पन सालानंतर आमच्या घरातले देव गेले, तो तेवढा राह्यला. आजोबा चिडवायचे तिला, की आम्ही सगळे बुद्ध झालो, हिचा उजवा हातच व्हायचा राहिला. ती म्हणायची, कातडं उतरवून देऊ का?" राजानंद हसला. "हं, दाखवा बघू तुमचा."

पुंजारामांनी बटण काढलं. आकांक्षाने त्यांच्या हातावरचं नाव नीट पाहण्याची ही पहिलीच वेळ होती.

"आबा, हे बद्रीनाथ म्हणजे देव ना? मला वाटलं, तुम्ही यात्रेला गेल्ते."

"देव न्हाई. माणूस हाय."

राजानंदने हात दिव्याखाली धरला, अंगठ्याने कातडी ताणली. "जुनं काम हाय, खोल गेलंय. ह्याच्यावर दुसरं नाव बसत न्हाई बाबा, आधी हे झाकावं लागतं. वाघ काढू, न्हाई तर मोराचं पीस. काळं भरपूर लागेल. मंग मनगटाच्या अंगाला आजीचं नाव. बैल पण जातील."

"जाऊ दे."

राजानंदने हातावरचे पांढरे केस वस्तऱ्याने काढले, औषधाने पुसलं, कागदावरचं पीस हातावर उमटवलं. मोराचं जांभळं पीस बद्रीनाथच्या अंगावर आडवं पडलं. मशीन सुरू झालं, त्याचा आवाज आला आणि पुंजारामांच्या मनात एकाएकी आलं, की हे नाव ज्याचं आहे त्याला आपण विचारलेलं नाही.

हात आपला आहे, हे खरं. पण बैल माझा होता, असं तोही म्हणाला होता. आणि त्या एका शब्दावर आपण त्याच्याशी इतकी वर्षं बोललो नाही.

"थांब," ते म्हणाले.

"दुखलं? अजून टेकवलं पण न्हाई."

"आठ दिवसांनी येतो."

आकांक्षा जिना उतरताना बडबडत होती. आजीला काय सांगायचं? पुंजाराम म्हणाले, लाइट गेली होती म्हणून सांग. साबणाने घासलं तरी पीस हातावरून पुरतं गेलं नाही. त्यांनी बाहीचं बटण लावून टाकलं.

मंगळवारी ते कुणाला न सांगता निघाले. घनसावंगीपर्यंत जीप, तिथून जालना, तिथून हसनाबादची बस. बसमधून उतरल्यावर एका टपरीवर त्यांनी चहा घेतला आणि बद्रीनाथचं घर विचारलं.

"बद्रीनाथ?" टपरीवाला म्हणाला. "आमच्याकडं बद्रीनाथ न्हाई कुणी. एक मास्तर होते, ते गेले."

"घनसावंगीकडून आलेला हाय. सासऱ्याच्या जमिनीवर."

"अच्छा, ते होय! मंग पुंजाराम म्हणा की. पुंजारामबाबा. मारुतीच्या मागून जा, पत्र्याचं घर हाय."

पुंजारामांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण याला आपलं नाव कुठून कळणार? पुढे मारुतीच्या पारावर त्यांनी पुन्हा विचारलं, तर तिथेही एकाने हात करून दाखवलं, "ते काय पुंजारामबाबाचं घर."

घरापुढे मक्याच्या कणसांचा ढीग होता. बनियन घातलेला एक म्हातारा पोत्यावर बसून कणसं सोलत होता. त्याचे केस पूर्ण गेले होते, पण बसण्याची ढब तीच होती, एक गुडघा वर. उजव्या हातावर, उघड्यावर, अक्षरं दिसत होती. पुंजारामांनी ती ओळखली, कारण आपल्या हातावरही जत्रेतल्या त्याच माणसाने काढली होती.

"कोण हाय?" म्हातारा डोळे बारीक करून म्हणाला.

"तू कोण हाय ते सांग आधी. गाव तर तुला पुंजाराम म्हणून राह्यलं."

बद्रीनाथने हातातलं कणीस ढिगावर टाकलं आणि आत तोंड करून ओरडला, "केशर, पाणी आण गं. खरा आलाय."

केशरबाई पाणी घेऊन आली. तिने पुंजारामांना ओळखलं, पदर सावरला आणि हसू दाबत आत गेली. पुंजाराम मात्र हसले नाहीत. त्यांनी पाणीही बाजूला ठेवलं.

"हा काय प्रकार हाय?"

"प्रकार कसला? मी इथं आलो तेव्हा मला कोण ओळखत होतं? फलाण्याचा जावई, बस्स. मजुरीला गेलो एकाकडं, त्यानं हात बघितला अन म्हणला, चल रे पुंजाराम. माणसं आपलंच नाव गोंदतात, त्याला काय ठावं? मला वाटलं, सांगावं. पण घरजावई म्हणून आधीच हसत होते. म्हणलं, हसायचं तर पुंजारामला हसा."

"वा! म्हणजे शिव्या मला."

"पहिली चार वर्सं तुलाच पडल्या. मंग मला सवय झाली. आता रेशनकार्डावर तेवढा बद्रीनाथ उरलाय."

आपल्या माघारी शंभर किलोमीटरवर आपल्या नावाने एक माणूस शेत नांगरतो, हळदी-लग्नांना जातो, पारावर बसतो, हे पुंजारामांना माहीतच नव्हतं. शेवटी ज्यासाठी आलो ते काढावं म्हणून त्यांनी बटण सोडलं आणि बाही वर केली.

"मी हे झाकून राह्यलो."

बद्रीनाथने हात पुढे ओढून घेतला. पुसट झालेलं जांभळं पीस बघितलं. "हे काय? झाडू?"

"मोराचं पीस. तुळजाला तिचं नाव पाहिजे हातावर."

"मंग घे की काढून. मला काय सांगायला आलास?"

"सांगायला न्हाई. विचारायला आलोय. तू बैलाचं विचारलं न्हाईस. मी तुझ्यासारखं करणार न्हाई."

बद्रीनाथने एक कणीस उचललं, सोललं, दाणे बोटाने चाचपले. "अजून तेच घेऊन बसलास," तो म्हणाला.

"तेच. काहून विकलास?"

"गिऱ्हाईक बराबर आल्तं. चांद्या म्हातारा झाल्ता, अजून एक साल गेलं असतं तर कुणी हात लावला नसता."

"मंग मला सांगायला काय झाल्तं?"

"तू न्हाई म्हणला असतास."

"म्हणलोच असतो!"

"म्हणून न्हाई विचारलं."

इतक्या वर्षांत पुंजारामांनी मनाशी अनेक कारणं जुळवली होती. कुणी कान भरले असतील, बायको आजारी असेल, काही अडचण असेल. असं काहीच नव्हतं. त्यांना राग यायला पाहिजे होता, पण आधी मोकळं वाटलं आणि मग राग आला.

"मंग आता मी विचारलंय. सांग, झाकू का?"

बद्रीनाथने मान वर केली. "खरंच विचारतोस?"

"खरंच."

"मंग न्हाई."

"काय?"

"न्हाई झाकायचं. विचारलंस म्हणून सांगितलं. तू ते बुजवलं तर बद्रीनाथ कुठं राह्यला सांग बरं? इथं तर कुणी म्हणत न्हाई. केशर नाव घेत न्हाई. पोरं बाबा म्हणतात. तेवढं तुझ्या हातावर हाय, ते राहू दे."

तो हे मक्याच्या भावाबद्दल बोलावं तसं बोलला. पुंजारामांनी बाही खाली ओढली. ते आता पुरते अडकले होते. विचारायला आलेला माणूस उत्तर आवडलं नाही म्हणून ते मोडू शकत नाही. मोडायचंच होतं तर विचारायचं कशाला. त्यांनी केशरबाईच्या हातचं पिठलं खाल्लं आणि शेवटच्या बसने नाही, त्याच्या आधीच्या बसने परत निघाले. बद्रीनाथ थांब्यापर्यंत आला. टपरीवाल्याने विचारलं, "कोण हो पाहुणे, पुंजारामबाबा?" बद्रीनाथ म्हणाला, "माझे मैतर. बद्रीनाथ."

घरी आल्यावर पुंजारामांनी तुळजाबाईला सगळं खरं सांगितलं. इतकी वर्षं ज्याचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं, त्याच्याकडे जाऊन आलो म्हटल्यावर ती थोडी हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती ताटलीतले गहू निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे माझं नाव काढायला तुम्ही त्याची परवानगी काढली?"

"तसं न्हाई. नाव त्याचं होतं म्हणून..."

"आन त्यानं न्हाई म्हणलं, अन तुम्ही ऐकलं."

"विचारलं म्हणल्यावर..."

"माझ्या हातावर गोंदताना मला कुणी विचारलं नव्हतं," तुळजाबाई म्हणाली. "राहू द्या आता. नको मला."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. वेळेवर चहा दिला, वेळेवर जेवण वाढलं, औषधाची गोळी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवली; फक्त बोलली नाही. आकांक्षाने मध्ये पडून पाहिलं, तर तिलाही "तुझं तू बघ, तुझं चांगलं हाय," एवढंच ऐकायला मिळालं. लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, देवापुढे ठेवल्या गेल्या, तरी घरात दोघांचं बोलणं नव्हतं. पुंजाराम ओसरीत बसून आपल्या हाताकडे बघत. कोपराखाली बद्रीनाथ, त्याखाली बैल. मनगटापाशी जागा संपत होती. मनगटाच्या पुढे पंजा होता.

पंज्याच्या पाठीवर बाया गोंदून घेतात. पुरुष घेत नाहीत. तिथे काही काढलं तर झाकायची सोय नाही. सदरा कितीही लांब शिवला तरी तो बोटांवर येत नाही. आणि पुंजाराम तर चार माणसांत बोलायलाही बिचकणारा माणूस. हा विचार त्यांनी दोन-तीन दिवस मनात येऊ दिला आणि घालवला. चौथ्या दिवशी सकाळी ते एकटेच जालन्याला गेले.

"पीस ना?" राजानंदने विचारलं.

"पीस नको. हे असंच राहू दे. इथं काढ." त्यांनी मूठ वळून पुढे केली.

"इथं? बाबा, इथं हाड लगेच लागतं. लई दुखेल. अन तुमच्या वयाची गडीमाणसं इथं न्हाई घेत."

"माहीत हाय."

"नाव काय टाकू? तुळजा?"

"तुळजाबाई. पूर्ण. मोठं काढ, लांबून वाचता आलं पाहिजे."

दुखलं. पुंजारामांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले नाहीत. मध्ये एकदा राजानंदने पाणी विचारलं, त्यांनी मान हलवली. परत येताना बसमध्ये त्यांनी तो हात छातीशी धरला होता. कंडक्टरने विचारलं, "काय भाजलं का बाबा?" ते हो म्हणाले.

तुळजाबाई न्हाणीपाशी भांडी घासत होती. पुंजाराम तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हात पुढे केला. हातावर पातळ प्लॅस्टिक होतं, आत कातडी लाल सुजलेली. तिने आधी हाताकडे, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. राखेने भरलेलं बोट तिने हवेतच अक्षरांवरून फिरवलं.

"आकांक्षा," तिने हाक मारली, "इकडं ये. हे काय लिहिलंय वाच."

आकांक्षा आली आणि तिने तोंडावर हात ठेवला. "आबा! अहो, इथं?"

"वाच म्हणलं ना."

"तुळजाबाई."

"बराबर हाय का? दुसरं काही न्हाई ना?"

"बराबर हाय आजी. काना-मात्रा सगळं."

तुळजाबाईने हात धुतले, पदराला पुसले. पुंजारामांना वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "जेवले का?" आणि आत गेली. त्या दिवशी त्यांना डाव्या हातात चमचा घेऊन जेवावं लागलं, कारण बोटं वळत नव्हती. तिने भात कालवून समोर ठेवला.

दोन दिवसांनी सूज उतरली. पत्रिका वाटायच्या होत्या. एरवी गावातल्या पत्रिका पुंजारामांचा मुलगा मोटारसायकलवर वाटून आला असता. पण तुळजाबाई सकाळीच इरकल नेसून तयार झाली. "मी बी येते," म्हणाली. "चला."

पहिलं घर साहेबरावांचं. साहेबराव म्हणजे गावातले बोलके गृहस्थ, माजी सरपंच, तोंडाला कुलूप नाही. पुंजारामांनी पत्रिका पुढे केली. साहेबरावांनी पत्रिका धरली आणि हातही धरून ठेवला.

"अरे! पुंजारामभाऊ, हे काय नवीन? बाईमाणसावानी पंज्यावर? ह्या वयात फॅशन सुचली का?"

ओट्यावर बसलेले दोघे-तिघे पुढे वाकले. पुंजारामांनी हात मागे घ्यायला पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या मागे उभी असलेली तुळजाबाई पुढे आली.

"साहेबरावभाऊ, तुम्हाला तर वाचता येतं ना?"

"येतं की."

"मंग वाचा मोठ्यानं. मला न्हाई येत."

साहेबरावांनी खिशातला चष्मा काढून लावला, पुंजारामांचा हात उजेडाकडे वळवला आणि ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "तुळजाबाई."

"हं," तुळजाबाई म्हणाली. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पुढच्या घराकडे चालू लागली. पुंजाराम पत्रिकांची पिशवी घेऊन तिच्या मागे गेले.